विपुलता कशाची?

‘विपुल जीवन’ हा शब्दप्रयोग ख्रिस्ती प्रवचनांतून वारंवार कानी पडतो. त्याचे मूळ योहानकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे. चोराचे येणे विनाशासाठी असते, आपले येणे मात्र माणसाला भरभरून जीवन लाभावे यासाठी आहे, अशा आशयाचे येशूचे वचन तेथे आढळते. प्रश्न आहे तो ही विपुलता कशाची, हा.

विसाव्या शतकात अमेरिकेत फोफावलेल्या आणि तेथून अन्य खंडांत पसरलेल्या एका विचारसरणीने या प्रश्नाचे फार सोपे उत्तर शोधले. विपुलता म्हणजे आरोग्य, संपत्ती आणि ऐहिक यश. श्रद्धा पक्की असेल तर धन चालत येईल. न आल्यास श्रद्धेतच उणीव समजावी! दरिद्री माणसाच्या माथी दारिद्र्याबरोबर अश्रद्धेचाही डाग मारणारा हा हिशेब मूळ वचनाशी मुळीच जुळत नाही.

तो का जुळत नाही, हे पाहण्यास दूर जावयास नको. मूळ ग्रीक ग्रंथात येथे जीवनासाठी जो ‘झोए’ शब्द आहे, तोच योहान शाश्वत जीवनासाठीही योजतो. शिवाय या वचनाच्या लगत येशू स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणवितो आणि मेंढरांसाठी प्राण वेचणे हीच त्या मेंढपाळाची खूण सांगतो. विपुलतेचे आश्वासन आणि आत्मदानाची कसोटी ही अशी शेजारीशेजारी उभी आहेत. मोठी कोठारे बांधण्याचे बेत करीत असता त्याच रात्री मृत्यूने गाठलेला लूकच्या शुभवर्तमानातील धनिक आणि मंदिराच्या दानपेटीत जवळची दोन नाणी टाकणारी विधवा, ही दोन चित्रे समोरासमोर ठेवली की रिता कोण आणि संपन्न कोण, हे निराळे सांगावे लागत नाही.

या विचाराचा दाखला गोमंतकाच्या मातीतच आहे. १६५१ साली बाणावली येथे जन्मलेले पाद्री जोसेफ वाझ १६८५ मध्ये जुन्या गोव्यातील ऑरेटरी या संघात दाखल झाले. युरोपीय संघांची दारे स्थानिक पाद्रींना बहुधा बंद असत, त्या काळी गोमंतकीय पाद्रींनीच उभारलेला हा संघ. डच अमलाखालील श्रीलंकेत कॅथलिक उपासनेस बंदी होती. तेथील निराधार श्रद्धावंतांसाठी वाझ १६८७ मध्ये मजुराच्या वेशात त्या बेटावर उतरले. त्यांना संरक्षण देणारी कोणतीही सत्ता पाठीशी नव्हती. कँडीच्या राज्यात तर पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना बंदीवासात टाकण्यात आले. पुढे १६९७ च्या सुमारास कँडीत देवीची साथ पसरली आणि राजासह अनेकांनी राजधानी सोडली, तेव्हा हे पाद्री आपले भाचे पाद्री जोसेफ कार्व्हाल्यो यांच्यासह रुग्णांच्या उशाशी राहिले. रुग्णाचा धर्म त्यांनी विचारला नाही. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांचा देह पडला. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले.

जगाच्या मोजमापाने पाहिले तर या आयुष्यात विपुल असे काय होते? घर नाही, धन नाही, स्वदेशी परतणेही नाही. तरीही ते आयुष्य इतरांपर्यंत पोहोचले, किंबहुना ओसंडले. भरलेल्या भांड्याची खरी ओळख त्याच्या काठावरून जे वाहते त्यानेच पटते.

अर्थात यावरून दारिद्र्याचे गोडवे गाणे म्हणजे धर्म, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. उपाशी माणसाला आधी अन्न आणि आजाऱ्याला शुश्रूषा, हेच त्या पाद्रींच्या आचरणाचे सार होते. दुसऱ्याची उणीव आपली मानणे, हाच येथे विपुलतेचा मार्ग. बाणावलीच्या या सुपुत्राचे फेस्त दरवर्षी १६ जानेवारीस येते. त्या दिवशी रोषणाई आणि जेवणावळी अवश्य व्हाव्यात. परंतु शेजारच्या एकाकी वृद्धाचे दार, परप्रांतीय मजुराची झोपडी, इस्पितळातील बेवारस खाट यांपर्यंत त्यांतील काही पोहोचले नाही, तर आपल्या घरी समृद्धी असेल, विपुल जीवन मात्र नसेल. ही कसोटी ख्रिस्ती बांधवांना जेवढी लागू, तेवढीच इतरांनाही आहे.