वस्तरा, पट्टा आणि चामड्याचा प्रश्न

गुरुवार पेठेतील गोडीजी पार्श्वनाथ मंदिरात किंवा कात्रजच्या आगम मंदिरात दर्शनास जाणारा श्रावक कमरेचा चामडी पट्टा आणि पैशांचे पाकीट बाहेरच ठेवतो. ही रीत इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिचा वेगळा विचार कोणी करत नाही. परंतु त्याच घरातील एखाद्या तरुणाने उघड्या पात्याच्या वस्तऱ्याने दाढी करण्याचे मनावर घेतले, की चामड्याचा दुसरा एक पट्टा उंबरठ्याशी येऊन उभा राहतो. वस्तऱ्याबरोबर तो परजण्याचा पट्टाही घ्यावाच लागतो. आणि बाजारात मिळणारा असा पट्टा म्हणजे बहुधा गाईचे वा घोड्याचे, क्वचित कांगारूचे, कमावलेले कातडे असते.

साधू-साध्वींपुढे हा प्रश्न नाही. केशलोच हाताने होतो. तेथे हत्याराला स्थानच नाही. गृहस्थाला मात्र हत्यार लागते, आणि हत्याराबरोबर त्याची निगाही येते.

किंग कॅम्प जिलेट याने १९०१ मध्ये कंपनी काढली आणि १९०३ मध्ये बदलत्या पात्याचे यंत्र विक्रीस आणले. तोवर दाढी म्हणजे वस्तराच. महाराष्ट्रात तर त्यानंतरही कित्येक दशके नाभिकाच्या धोकटीत वस्तरा, कात्री, नराणी, पाण्याची वाटी आणि तुरटी यांच्या जोडीला चामड्याचा पट्टा असे. पट्ट्यावर वस्तरा सपासप फिरवून झाला की शेवटचे दोन-चार हात स्वतःच्या तळहातावर फिरवण्याचीही पद्धत होती. आज पुण्यातील बहुतेक सलूनमध्ये अर्धे ब्लेड खोचण्याचा वस्तरा दिसतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे ब्लेड, त्यामुळे रक्तातून पसरणाऱ्या रोगांची धास्ती कमी. ही सुधारणा योग्यच झाली. मात्र तिच्याबरोबर पट्टा गेला आणि पट्टा वापरण्याचे ज्ञानही गेले. आता घरी वस्तरा वापरू पाहणाऱ्याला शेजारच्या सलूनमध्ये विचारून फारसे काही हाती लागत नाही.

पट्टा लागतो तरी कशासाठी? तो धार लावतो, असा सर्वसाधारण समज आहे. धार लागते ती निसण्यावर, म्हणजे बारीक दगडावर, आणि तीही काही महिन्यांतून एकदा. पट्ट्याचे काम रोजचे आहे. पात्याची कड इतकी पातळ असते की दाढीच्या एका वेळेनेही ती सूक्ष्म प्रमाणात वाकते, झिजते. पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असूनही असे का व्हावे, याचा शोध अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी घेतला आणि २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. केस कापताना वाकतो, पात्याच्या कडेवर तिरका ताण येतो आणि पोलादाची रचना जेथे एकसारखी नसते तेथे बारीक कपरा उडतो, असे त्यांना आढळले. पट्टा उडालेला कपरा भरून काढत नाही. वाकलेली कड सरळ करणे, तिला चिकटलेला गंज आणि मळ पुसणे, एवढेच त्याचे काम. त्यासाठी हवा सपाट, ताणून धरता येणारा, किंचित घर्षण असलेला पृष्ठभाग. चामड्यात हे गुण आहेत, यात वाद नाही. परंतु ते केवळ चामड्यातच आहेत, असे नाही.

किंबहुना पाश्चात्त्य बनावटीच्या कित्येक पट्ट्यांना दोन पदर असतात. एक चामड्याचा, दुसरा तागासारख्या तंतूच्या लिननचा किंवा सुती कॅनव्हासचा. वस्तरा आधी कापडावर आणि मग चामड्यावर फिरवायचा, असा क्रम आहे. म्हणजे कापडाचे स्थान या व्यवहारात पहिल्यापासूनचे आहे. नुसत्या कापडी पदरावर काम भागवणारे लोकही आहेत. त्यात थोडा तोटा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. चामड्यावरून उतरलेली धार गालाला अधिक मऊ लागते, आणि केवळ कापड वापरल्यास दगडाची गरज थोडी लवकर पडू शकते. जीवदयेसाठी एवढी किंमत मोजणे जैन घराला जड वाटू नये.

कापडाची निवड करतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. फेल्टचा पट्टा पुष्कळदा लोकरीचा असतो. ‘व्हेगन लेदर’ या नावाने जे विकले जाते ते बहुधा कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर असते. ते कधी फार गुळगुळीत, तर कधी काही महिन्यांत पापुद्रे सुटणारे निघते. १९७४ पासून भारतात काम करणाऱ्या आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ या संस्थेने चामडे, रेशीम, मिठाईवरील चांदीचा वर्ख अशा वस्तूंची प्राणिजन्य बाजू ग्राहकांपुढे आणली आहे. तीच चिकित्सक नजर येथेही हवी. दाढीचा ब्रश डुकराच्या किंवा बिज्जू जातीच्या प्राण्याच्या केसांचा असू शकतो, जुन्या वस्तऱ्याची मूठ शिंगाची वा हस्तिदंताची असू शकते, आणि साबणाच्या वेष्टनावर ‘टॅलो’ हा शब्द असला तर त्यात जनावराची चरबी आहे. कृत्रिम तंतूचा ब्रश, लाकडी मूठ आणि वनस्पती तेलाचा साबण हे पर्याय आज सहज मिळतात.

पट्ट्यासाठी सर्वांत स्वस्त आणि निर्दोष साधन आपल्या ओळखीचेच आहे: खाटेची सुती नवार. अडीच ते तीन इंच रुंदीची, घट्ट विणीची, नायलॉनची भेसळ नसलेली नवार रविवार पेठेच्या बाजूला, बोहरी आळीत चौकशी करून घ्यावी. दीड हात लांबीचा तुकडा पुरतो. कोमट पाण्यात साबणाने धुऊन त्यातील खळ काढावी, वाळवून गरम इस्त्रीने सपाट करावा, एका टोकाला पितळी कडी शिवावी आणि दुसऱ्या टोकाला धरण्यासाठी लाकडी पट्टी. विणीत गाठ राहिली असेल तर तो तुकडा टाकून द्यावा. पात्याची कड नेमकी तेथेच बिघडते. शेवटचे हात वर्तमानपत्राची घट्ट घडी ताणून तिच्यावर फिरवले तर धार आणखी निवळते. रुंदीचा आग्रह विनाकारण नाही. पट्टा तीन इंचांचा असला तर संपूर्ण पाते त्यावर एकदम टेकते. अरुंद पट्ट्यावर हात तिरका न्यावा लागतो आणि नवशिक्याला ते साधत नाही.

स्वस्ताईचा मुद्दा व्यापारी घराला वेगळा समजावून सांगायला नको. पहिला पट्टा शिकणाऱ्याच्या हातून कापला जातो, हा जवळजवळ नियम आहे. तो महागडा असला तर भांडवलच बुडते. नवार असली तर दुसरा तुकडा शिवता येतो.

पट्टा कडीने खुंटीला अडकवून ताठ ताणावा. पात्याची पाठ आणि धार दोन्ही पट्ट्यावर टेकवून पाठ पुढे, धार मागे अशा रीतीने ओढावे. टोकाला पोहोचल्यावर पाते पाठीवर उलटावे, धारेवर कधीही नाही, आणि परत यावे. चाळीस-पन्नास फेऱ्या पुरतात. हात जड झाला किंवा पट्टा सैल पडला की धार गोल होते आणि सगळी मेहनत उलटी जाते. पहिले आठ दिवस हा सराव लोणी लावण्याच्या बोथट सुरीने करावा. यात कमीपणा काही नाही.

वस्तरा ५/८ इंच रुंदीचा, गोलसर टोकाचा, आणि विक्रेत्याने दाढीलायक धार लावूनच दिलेला घ्यावा. जर्मनीतील सोलिंगेन आणि इंग्लंडमधील शेफिल्ड ही या मालाची जुनी गावे. सायकलला चाक जोडून दारोदार चाकू-कात्रीला धार लावणाऱ्याकडे तो चुकूनही देऊ नये. कोरड्या चाकाच्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते आणि मग ते कोणत्याही दगडावर परत येत नाही.

दाढी स्नानानंतर, केस मऊ असताना करावी. पाते गालाशी सुमारे ३० अंशांत धरून, कातडी ताणून, केसांच्या वळणाने हलका हात फिरवावा. पहिले दोन आठवडे फक्त गाल. हनुवटी आणि वरचा ओठ नेहमीच्या यंत्राने उरकावा. पाते आडवे सरकले की जखम झालीच. मधुमेह असणाऱ्यांनी किंवा रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी या वाटेला जाण्याआधी डॉक्टरांना विचारावे. एकत्र कुटुंबात साबणदाणी सामाईक चालेल. वस्तरा ज्याचा त्याचाच असावा आणि मुलांच्या हाताला लागू नये.

पुण्याच्या पावसाळ्यात साध्या पोलादाचे पाते एका रात्रीत ठिपके धरते. म्हणून दाढी होताच ते पुसून, पाच-सात वेळा सुक्या नवारीवर फिरवून, शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात देऊन ठेवावे. नवारही भिंतीला चिकटून लोंबकळत ठेवू नये. आषाढ-श्रावणात तिला दमटपणा धरतो, आणि ओलसर पट्ट्यावर फिरवलेला वस्तरा सकाळी गालावर अडखळतो.