बुडबुड्याविना तापलेलं पाणी

‘मायक्रोवेव्ह चालू असताना समोर उभी राहू नकोस, किरणं लागतात,’ असं अनेक घरांत सांगितलं जातं. खरं तर या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते आणि दारातल्या धातूच्या जाळीची छिद्रं जेमतेम मिलिमीटरभर. त्यातून प्रकाश बाहेर येतो, या लहरी जवळजवळ अडून राहतात. दार उघडताच या लहरी निर्माण करणारा मॅग्नेट्रॉन बंद पडतो, अन्नात काही मागे उरत नाही. दार वाकलेलं असेल किंवा नीट लागत नसेल, तर मात्र दुरुस्तीशिवाय वापरू नये.

जपायचं ते कपभर साध्या पाण्याला. गॅसवर पातेल्याचा तळ आधी तापतो. तळाच्या बारीक ओरखड्यांत हवा अडकलेली असते, तिथून बुडबुडे सुटतात आणि पाणी १०० अंशांच्या आसपास उकळू लागतं. मायक्रोवेव्हमध्ये लहरी थेट पाण्यालाच तापवतात. काचेचा कप नवा, गुळगुळीत असला की बुडबुड्याला जन्मायला जागाच मिळत नाही. पाणी १०० अंश ओलांडतं, तरी वरून निवांत दिसतं. आपण कप उचलतो, त्यात चमचाभर कॉफी टाकतो आणि त्या कणांवर एकाच वेळी असंख्य बुडबुडे फुटतात. उकळतं पाणी थेट हातावर, तोंडावर उडतं. तेच पाणी पुन्हा तापवणं आणखी वाईट, कारण त्यात विरघळलेली हवा आधीच निघून गेलेली असते. उपाय फुकटातला आहे: पाण्यात आधीच लाकडी चमचा ठेवा, गरजेपेक्षा जास्त वेळ लावू नका आणि बंद झाल्यावर मिनिटभर थांबा.

मायक्रोवेव्हमध्ये पुन्हा तापवलेलं उकडलेलं अंडंही असंच दगा देतं. बलकातलं पाणी अतितप्त होतं आणि चावा घेताच अंडं फुटू शकतं. कच्चं अंडं कवचासकट ठेवूच नये; भरताच्या वांग्याला मात्र चार टोचे मारले की पुरे.

दुसरी अडचण याच्या उलट, कमी तापण्याची. आत लहरी एकमेकींवर आदळून काही ठिकाणी जोर धरतात, काही ठिकाणी विरतात. फिरती थाळी असूनही अन्न सगळीकडे सारखं तापत नाही. शिवाय लहरी अन्नात दोन-तीन सेंटिमीटरच नीट शिरतात, त्यापुढची उष्णता हळूहळू सरकत जाते. (‘आतून शिजतं’ ही समजूत कुठून आली कोण जाणे.) म्हणून शिळी आमटी मध्येच काढून ढवळावी, पुन्हा वाफ येईपर्यंत तापवावी. बाळाची दुधाची बाटली तर यात ठेवूच नये: बाहेरून ती कोमट लागते, आतल्या दुधाचा एखादा घोट मात्र जीभ पोळण्याइतका कढत असतो.