जुना व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर दुरुस्त करताना

यंत्र बंद पडले की ते मेले, असे आपण सहज म्हणतो. पण बंद पडणे निराळे आणि मरणे निराळे. दर्यापूर तालुक्यातील आमच्या गावच्या भजनी मंडळाकडे व्हॉल्व्हचा एक जुना ॲम्प्लिफायर होता. काकडआरती, सप्ताह, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने, सारे एके काळी त्याच्याच भोंग्यातून गावभर जाई. पुढे ट्रान्झिस्टरचा हलका ॲम्प्लिफायर आला आणि हा देवळाच्या खोलीत धूळ खात पडला. गेल्या वर्षी मंडळाने तो भंगारात द्यायचे ठरविले. ट्रान्सफॉर्मरमधल्या तांब्याचे चार पैसे येतील, एवढाच हिशेब. मी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, आणि तोही कला शाखेचा. "बी. ए. वाल्याचं काम हाय का हे?" असे काहींनी विचारले. त्यांना उत्तर देण्यासाठी नव्हे, तर माझ्यासारख्या नवख्याला उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे.

प्रथम व्हॉल्व्ह म्हणजे काय ते पाहू या. काचेच्या नळीतील हवा काढून घेतलेली असते. आत एक तार तापते आणि तिच्या उष्णतेने कॅथोड नावाच्या भागातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. समोरच्या प्लेटवर २५०–३०० व्होल्टचा दाब असल्याने ते तिकडे धावतात. १९०४ मध्ये फ्लेमिंग यांनी असा दोन टोकांचा व्हॉल्व्ह केला. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी मधे एक जाळी बसविली. या जाळीवरील दाब किंचित बदलला की प्लेटकडे जाणारा प्रवाह पुष्कळ बदलतो. कालव्याची झडप थोडी वरखाली केली की पाण्याचा लोंढा कमीजास्त होतो, तसेच हे. मायक्रोफोनमधील क्षीण आवाज मोठा होतो तो असा. आपल्या देशात बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये असे व्हॉल्व्ह बनविण्यास आरंभ केला होता.

आमच्या ॲम्प्लिफायरवर ईसीसी ८३, ईएल ८४ आणि ईझेड ८१ अशी नावे होती. ही नावे अर्थहीन नाहीत. 'ई' म्हणजे तापणाऱ्या तारेला ६.३ व्होल्ट हवेत. 'सी' म्हणजे ट्रायोड. दोन 'सी' म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड. 'एल' म्हणजे भोंगा चालविण्याची ताकद देणारा व्हॉल्व्ह आणि 'झेड' म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेने वळविणारा रेक्टिफायर. धातू आणि प्रत्यय कळले की शब्द उलगडतो, तसेच हे. मग हे शास्त्र मला तितके परके वाटेनासे झाले.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हे यंत्र माणसाचा जीव घेऊ शकते. प्लग काढल्यावरही आतील मोठ्या कंडेन्सरमध्ये तीनशे व्होल्ट साठून राहू शकतात. म्हणून प्लग काढल्यावर १० हजार ओहमचा, ५ वॉटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड चिमट्याने धरून कंडेन्सरच्या दोन टोकांना दहा सेकंद लावावा. नंतर मीटरने दाब शून्यावर आल्याची खात्री करावी आणि मगच आत हात घालावा. चालू यंत्रात मोजमाप करताना एक हात खिशात ठेवावा, म्हणजे वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताकडे जाण्याची वाट राहत नाही. जवळ जाणते माणूस असल्याखेरीज हे काम करू नये. मला दर्यापूरच्या एका वृद्ध रेडिओ मेकॅनिक काकांचा आधार होता. त्यांचे एकच वाक्य असे, "पोरा, आधी मोज, मंग लाव."

चालते का पाहू म्हणून थेट प्लग लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडचा थर असतो. वर्षानुवर्षे वीज न मिळाल्याने तो थर दुबळा होतो आणि आतील द्रव सुकतो. एकदम पूर्ण दाब दिल्यास कंडेन्सर तापून फुटतो आणि जाताना रेक्टिफायर व ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. व्हॉल्व्ह नवे मिळतात, आजही स्लोव्हाकिया, रशिया व चीनमध्ये ते बनतात; परंतु जुना ट्रान्सफॉर्मर जळाला की यंत्र खरोखरच भंगारात जाते.

म्हणून क्रम असा ठेवावा. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ काढावी. ओले फडके फिरवू नये; आमच्या खारपाण पट्ट्यातील पाणी सुकले की मीठ मागे राहते. मग ट्रान्सफॉर्मरची वेटोळी तुटलेली नाहीत ना, हे मीटरने पाहावे. जुने इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलून ४५० व्होल्टचे नवे घालावेत. जास्त क्षमतेचा चांगला, असे मात्र नाही. ईझेड ८१ नंतरच्या पहिल्या कंडेन्सरला ५० मायक्रोफॅरडची मर्यादा आहे. दोन व्हॉल्व्हच्या मधले कागदी कंडेन्सरही बदलावेत. ते दमट होऊन गळू लागले की पुढच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर नको तो दाब येतो आणि त्याची प्लेट लाल होऊन व्हॉल्व्ह संपतो. तीन पिनांचा प्लग बसवून अर्थिंगची तार सांगाड्याला पक्की जोडावी.

त्यानंतर सिरीज बल्ब. साठ वॉटचा तारेचा बल्ब वाटेत जोडून, व्हॉल्व्ह काढून ठेवून, वीज द्यावी. आत शॉर्ट असेल तर बल्ब लखलखीत पेटतो आणि यंत्र वाचते. मंद राहिला तर व्हॉल्व्ह बसवून पुढे जावे. भोंगा किंवा योग्य रेझिस्टन्स जोडल्याशिवाय ॲम्प्लिफायर कधीही चालवू नये. भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब बेसुमार वाढून त्याचे वेटोळे फुटू शकते.

बल्ब काढून पूर्ण वीज दिली, की परीक्षा असते गणिताची. आमच्या यंत्रात दोन ईएल ८४ च्या कॅथोडला मिळून १३० ओहमचा रेझिस्टन्स होता. त्यावर ९ व्होल्ट आढळले. नऊला एकशे तीसने भागले तर सुमारे ६९ मिलिअँपिअर, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हला साधारण ३५. प्लेट व कॅथोड यांच्यात २५० व्होल्ट होते. गुणाकार आला पावणेनऊ वॉट. ईएल ८४ च्या प्लेटची मर्यादा १२ वॉट. म्हणजे व्हॉल्व्ह सुखात होते. सातवीतल्या भागाकार-गुणाकाराने एवढी मोठी खात्री मिळते, हे कोणी आधी सांगितले असते तर मी गणिताला इतका भ्यालो नसतो.

दिवाळीच्या चार दिवस आधी खंजिरीचा आवाज त्या भोंग्यातून निघाला. थोडी घरघर अजून आहे. ती कुठून येते याचा शोध चालू आहे. मंडळाने भंगाराचा विचार सोडला आहे.

ट्रान्झिस्टर लहान आहे, स्वस्त आहे, वीजही कमी खातो. व्हॉल्व्हच श्रेष्ठ असा माझा दावा नाही. परंतु या जुन्या यंत्राचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, मीटरने मोजता येतो आणि हाताने बदलता येतो. ज्याच्या घरात आजवर कोणी पुस्तक उघडले नाही, त्यालाही नकाशातील एकेक खूण जुळवीत ते वाचता येते. विषय आपला की परका, हे शाखेवरून ठरत नाही. आपण थांबून, मोजून, समजून घ्यायला तयार आहोत की नाही, यावरून ठरते. आपल्या गावी असा एखादा पेटारा पडून असेल, तर तांब्याचा भाव विचारण्याआधी जाणत्या माणसाला सोबत घेऊन त्याचे झाकण उघडून पाहा. मात्र प्लग लावू नका.