रग्बीचे जग (लेखांक ४) : शेजाऱ्यांचे सामने आणि उशिरा आलेला गुणतक्ता

इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, फ्रान्स आणि इटली या सहा संघांत दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये होणारी ‘सिक्स नेशन्स’ ही रग्बी युनियनची, म्हणजे प्रत्येक बाजूने १५ खेळाडू खेळतात त्या रग्बीची, सर्वांत जुनी आंतरराष्ट्रीय स्पर्धा असली, तरी तिचा जन्म स्पर्धा म्हणून झालेला नाही. २७ मार्च १८७१ रोजी एडिंबरोत स्कॉटलंडने इंग्लंडला हरवले, तो या खेळातील पहिला आंतरराष्ट्रीय सामना; पुढे आयर्लंड आणि वेल्सही खेळू लागले आणि १८८३ पासून या सुट्या लढतींची एक मालिका मानली जाऊ लागली. फ्रान्स १९१० मध्ये आला, खेळाडूंना छुपे पैसे दिले जातात या संशयासह अन्य कारणांनी १९३१ नंतर बाहेर काढला गेला व १९४७ मध्ये परतला. इटलीचा प्रवेश २००० सालचा.

सुट्या लढतींचा हा मूळ स्वभाव इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याच्या कलकत्ता चषकात अजून टिकून आहे. १८७३ मध्ये कलकत्त्यातील ब्रिटिशांनी स्थापलेल्या फुटबॉल क्लबात रग्बी खेळली जाई. परंतु तेथील पलटण हलली, बंगालच्या हवेत पोलो आणि टेनिस अधिक मानवू लागले, आणि क्लबातील फुकट मद्य बंद होताच सभासदांची गळती सुरू झाली (हे शेवटचे कारण किरकोळ समजू नये). उरलेली शिल्लक वाटून न घेता क्लबाने ती चांदीच्या रुपयांत काढली, रुपये वितळवून नागाच्या आकाराच्या तीन मुठी व झाकणावर हत्ती असलेला चषक घडवून घेतला आणि तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेला दिला. हा चषक क्लबांच्या वार्षिक स्पर्धेसाठी वापरावा, ही दात्यांची इच्छा बाजूला ठेवून संघटनेने तो स्कॉटलंडविरुद्धच्या सामन्याला जोडला. १८७९ मधील त्याचा पहिलाच सामना बरोबरीत सुटला.

संपूर्ण स्पर्धेचा करंडक मात्र १९९३ मध्ये आला. तोवर गुण समान झाले की विजेतेपद वाटून घेतले जाई, आणि १९७३ मध्ये तर पाचही संघांनी घरचे दोन सामने जिंकून बाहेरचे दोन गमावल्याने ते पाच जणांत वाटले गेले.

२०१७ पासून विजयाला ४ व बरोबरीला २ गुण असून, सामन्यात चार ट्राय, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवून केलेली गुणनोंद, नोंदवणाऱ्यास एक आणि सात किंवा कमी गुणांनी हरणाऱ्यास एक असे वाढीव गुण मिळतात. या हिशेबात एक पेच होता : पाचही सामने जिंकणाऱ्यास, म्हणजे ‘ग्रँड स्लॅम’ साधणाऱ्यास, वाढीव गुणांविना २० गुण मिळाले, तर चार जिंकून एक थोडक्यात हरणारा संघ सर्व वाढीव गुणांसह २२ वर पोहोचू शकला असता. म्हणून ग्रँड स्लॅमला ३ गुण जास्तीचे ठेवले आहेत. सर्वांना हरवणारा संघ तक्त्यात दुसरा ठरणे परंपरेला परवडणारे नव्हते.

शेवटच्या संघाला खालच्या श्रेणीत उतरवण्याची तरतूद मात्र अजूनही नाही. त्यामुळे जुलै २०२२ मध्ये बातुमी येथे इटलीला २८–१९ असे हरवूनही जॉर्जियाला या मंडळात जागा मिळाली नाही. त्या देशाच्या रग्बीचा विचार पुढील लेखांकात केला आहे.