पाहुणा गावात, पैसाही गावातच

मागास भागातील एखाद्या गावात पर्यटन सुरू करणे फारसे अवघड नाही. अनुदान मिळते, खोल्या उभ्या राहतात, उद्घाटन होते. खरी परीक्षा अनुदान संपल्यावर असते. पाहुण्याने दिलेल्या पैशातून गावात किती उरतो, यावर हा धंदा टिकणे अवलंबून आहे. कच्छमधील होडका गावाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

भूजच्या उत्तरेस सुमारे ६० किलोमीटरवर बन्नीच्या गवताळ प्रदेशात हे गाव आहे. जमीन खारी, पाऊस बेभरवशाचा. त्यामुळे येथील मुस्लिम मालधारी पिढ्यान्‌पिढ्या गुरांवर, विशेषतः म्हशींवर जगतात. पुढे वेडी बाभूळ पसरली आणि चराईही घटली. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर भारत सरकार व संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या ग्रामीण पर्यटन योजनेतून येथे ‘शाम-ए-सरहद’ हे निवासस्थान उभे राहिले. त्याचा कारभार गावाच्या समितीकडे देण्यात आला.

येथे पाहुणे भुंग्यात, म्हणजे मातीच्या गोल घरात राहतात. भुंगा बांधणे, लिंपणे, शाकारणे ही कामे गावाला येतातच. त्यामुळे डागडुजीसाठी शहरातून मिस्त्री आणावा लागत नाही. दूध गावचे, स्वयंपाकी गावचा, वाटाड्याही गावचाच. याउलट खोल्या, सामान आणि नोकर बाहेरून आणले, तर गावाच्या हाती फक्त किरकोळ मजुरी पडते.

कारागिरांचा फायदा याहून मोठा आहे. बन्नीत भरतकाम व चामड्याचे काम चालते. व्यापाऱ्यामार्फत माल गेला की कारागिराला बहुधा मजुरीच मिळते. गिऱ्हाईक दारात आले तर भाव तो स्वतः सांगतो. मात्र पाहुणा एखादा नग घेतो आणि व्यापारी शंभर घेतो. म्हणून दोन्ही गिऱ्हाईके सांभाळावीत. यंत्रावरचा माल हातकाम म्हणून विकला तर एका हंगामाचा नफा होईल, पण गावाची पत जाईल.

कच्छचा हंगाम थंडीपुरताच असतो. उन्हाळ्यात तेथे फिरणे कठीण होते. २०२० च्या टाळेबंदीत तर पर्यटन ठप्पच झाले, पण म्हशीचे दूध थांबले नाही. म्हणून हा जोडधंदाच समजावा. खोल्या बांधण्यासाठी जनावरे विकणे म्हणजे मूळ भांडवल मोडणे होय.

महाराष्ट्रातही २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर झाले असून पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. अर्ज भरण्यापूर्वी आपल्या बांधवांनी तीन गोष्टी कागदावर मांडाव्यात. पाहुण्याच्या शंभर रुपयांतले किती गावात राहतील? रिकाम्या महिन्यांत घर कशावर चालेल? आणि दर कोण ठरवणार, गाव की दलाल? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तरच कर्जाला हात घालावा.