‘पान लागलं’ कोणत्या ओळीत लिहायचं?

सापाचं नाव घेऊ नये म्हणून गावाकडे ‘पान लागलं’ म्हणतात. शहापूर तालुक्यातल्या शेणव्याजवळचा एखादा पाडा डोळ्यांपुढे आणा. आवणीचे दिवस, जमिनीवर अंथरूण. रात्री मण्यार चावते. दंश जेमतेम जाणवतो, सूजही येत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, उपचार मिळायच्या आत श्वास थांबतो. मृत्यूचं कारण काय लिहायचं?

बरेचदा लिहिलं जातं : ‘हृदयक्रिया बंद पडली’. ती तर प्रत्येकाचीच पडते!

हा घोळ टाळायलाच आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण आहे. त्याचं मूळ झाक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाच्या 1893 च्या यादीत. आपल्याकडे मृत्यूच्या कारणांसाठी त्याची दहावी आवृत्ती रुळली. तिच्यात विषारी सापाच्या दंशाला ‘एक्स 20’ हा कोड आहे. डॉक्टर भरतात त्या मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रात कारणं पायरीपायरीने उतरतात : श्वसन बंद, त्याआधी स्नायूंचा लकवा, त्याआधी मण्यारीचा दंश. आकडेवारीत धरायचं ते मूळ कारण, म्हणजे इथे तळाची ओळ. तीच कोरी राहिली, तर साप कागदावरून निसटतो.

असे किती निसटले? घरोघरी जाऊन, मृताच्या नातेवाइकांना लक्षणं विचारून झालेल्या देशव्यापी अभ्यासाने 2005 साठी सर्पदंशाच्या सुमारे 46 हजार मृत्यूंचा अंदाज काढला. रुग्णालयांच्या सरकारी नोंदींच्या तो तिसपटीहून अधिक होता. कारण उघड आहे : घरी झालेला मृत्यू रुग्णालयाच्या वहीत येत नाही. 2020 मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम 22.5 टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलं होतं.

वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी 2022 पासून लागू झाली. ती संगणकासाठीच घडवलेली आहे. जानेवारी 2024 मध्ये तिला आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीतल्या विकारांच्या संज्ञांचीही जोड मिळाली. त्याच वर्षी केंद्राने राज्यांना सर्पदंश ‘कळवणं बंधनकारक’ करायला सांगितलं. अशा नोंदींच्या आकड्यांवरून ठरतं, सर्पदंशावरचं प्रतिविष कुठे किती ठेवायचं आणि कुठल्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आधी शिकवायचं.

कोड शोधायला संगणक आहे. पण तळाच्या ओळीत ‘मण्यार’ उतरायची, तर घरच्यांजवळ बसून कुणीतरी विचारायला हवं : रात्री ते कुठे झोपले होते?