व्हार्निशयुक्त लाकडाचे रंगांतर
पूर्वी व्हार्निश दिलेल्या व ऊन-पावसात उघड्या राहणाऱ्या लाकडाची छटा बदलण्याची क्रिया. दरवाजे, चौकटी, खांब, सज्जांचे कठडे इत्यादींवर ती करतात. व्हार्निशाचा पारदर्शक थर लाकडाची छिद्रे बुजवितो. त्यामुळे लाकडात मुरून रंग देणारी द्रव्ये त्यावर लावल्यास ती पृष्ठावरच राहून पुसली जातात किंवा त्यांचे डाग पडतात. लाकडाच्या रेषा दिसत राहाव्यात अशी इच्छा असेल, तर मार्ग दोनच उरतात : जुना थर पूर्णपणे काढणे किंवा तो राखून त्यावर रंगीत व्हार्निश देणे. दुसऱ्या मार्गाने छटा गडद होते; फिकट कधीच होत नाही.

कोणता मार्ग घ्यावयाचा हे जुन्या थराची लाकडावरील पकड ठरविते. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्हा या दृष्टीने उद्‌बोधक आहे. सह्याद्रीलगतच्या घाटघर, रतनवाडी या भागात अतिवृष्टी होते, तर पाथर्डी, जामखेड, कर्जत हे तालुके पर्जन्यछायेत असून तेथे ऊन प्रखर असते. उन्हातील जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरण पारदर्शक थरातून आत जातात व लाकडातील लिग्निनाचे अपघटन करतात. लिग्निन हे तंतूंना सांधणारे द्रव्य असल्याने थराखालील लाकूडच सुटे होते आणि वरच्या व्हार्निशाचे पापुद्रे निघतात. पावसाळी भागात तडे गेलेल्या थराखाली पाणी साचून बुरशीचे काळे डाग पडतात. एकाच दरवाजाचा वळचणीखालील भाग शाबूत व खालचा भाग उघडा पडलेला असे दृश्य जिल्ह्यातील जुन्या वाड्यांत नवे नाही. (शनिशिंगणापूर येथे परंपरेने घरांना कवाडे नसल्याने हे काम चौकटीपुरतेच राही.) चिकटपट्टी दाबून झटक्याने ओढल्यास थर सुटून येत असेल, तर त्यावर नवे व्हार्निश देणे व्यर्थ होय. पुष्कळसे काम फसते ते येथेच.

रंग केवळ शोभेचा नसतो. लोह ऑक्साइडाची तांबूस-तपकिरी रंगद्रव्ये जंबुपार किरण शोषून घेतात. त्यामुळे रंगहीन व्हार्निशापेक्षा रंगीत व्हार्निश बाहेर अधिक टिकते. लाकडास तेलात कालवलेली काव देण्याच्या जुन्या रीतीचा फायदाही हाच. लाखेचे पॉलिश मात्र ओलीने पांढरे पडते, म्हणून ते बाहेर निरुपयोगी ठरते.

थर काढण्यासाठी उष्ण हवा, विद्रावके किंवा कॉस्टिक सोडा वापरतात. सोडा स्वस्त असला, तरी त्याने साग काळवंडतो. त्यानंतर लाकूड सौम्य ॲसिटिक अम्लाने उदासीन करून भरपूर पाण्याने धुवावे लागते. खिळ्यांभोवतीचे काळे डाग ऑक्झॅलिक अम्लाने जातात; ते विषारी असल्याने हातमोजे आवश्यक असतात. कोरीव गणेशपट्टीवर यंत्राने पॉलिश कागद चालविणे हा अपराधच म्हणावा लागेल, कारण झिजलेल्या कडा परत येत नाहीत. जुन्या रंगलेपांत शिशाची संयुगे असण्याचा संभव असल्याने घासणे ओलसर ठेवून करतात. संरक्षित स्मारकाच्या बाबतीत पुरातत्त्व विभागाच्या परवानगीवाचून असे काम करता येत नाही.

पकड शाबूत असल्यास थर बारीक पॉलिश कागदाने केवळ निस्तेज करतात व धूळ पुसून रंगीत व्हार्निशाचे दोन-तीन पातळ हात देतात. हात जाड दिल्यास ओघळ येतात व छटा विषम होते. उघड्या केलेल्या सागातील नैसर्गिक तेलामुळे थर नीट वाळत नाही, म्हणून तो आधी स्पिरिटने पुसतात. लाकूड पावसाळ्यानंतर पुरते सुकल्यावर, साधारणतः दिवाळीनंतर, हे काम करणे इष्ट. भर दुपारच्या उन्हात केल्यास थरात बुडबुडे राहतात. नमुन्याची छटा आधी दरवाजाच्या आतल्या कोपऱ्यात पाहतात. फळ्यांची आडवी कापलेली टोके सर्वाधिक पाणी शोषतात, म्हणून तेथे एक हात जास्त द्यावा लागतो. दक्षिण व पश्चिम दिशांच्या बाजूंना, पापुद्रे निघण्यापूर्वीच, दर एक-दोन वर्षांनी नवा हात देतात.